मदत हवी आहे : जुना खेळाडू देऊन ड्राफ्ट पिक घ्यावेत का?

नमस्कार मंडळी. एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) जवळून बघणाऱ्यांकडून एक गोष्ट समजून घ्यायची आहे. जुना खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन त्यांचे ड्राफ्ट पिक, म्हणजे दरवर्षी नवे खेळाडू निवडण्याच्या पाळ्या, घ्याव्यात का, यावर गेले दोन आठवडे माझा नि भाच्याचा वाद चालू आहे.

भाचा बोस्टनचं उदाहरण देतो. २०१३ मध्ये सेल्टिक्सनी ३७ वर्षांचा केव्हिन गार्नेट आणि ३५ चा पॉल पीअर्स ब्रुकलिन नेट्सना दिले. बदल्यात २०१४, २०१६, २०१८ चे पहिल्या फेरीचे पिक आणि २०१७ मध्ये पिक अदलाबदलीचा (आपला देऊन नेट्सचा घेण्याचा) हक्क मिळाला. त्यातून जेलन ब्राउन आला, पुढच्या एका सौद्यातून जेसन टेटम आला, आणि २०२४ मध्ये विजेतेपदही. हिशोब चोख आहे, मान्य.

पण मला टिम डंकन आठवतो. तोही गार्नेटसारखाच १९७६ चा. सॅन अँटोनियोने त्याला सोडलं नाही, आणि २०१४ मध्ये, ३८ व्या वर्षी, त्याने पाचवं विजेतेपद मिळवलं. शिवाय बोस्टनला ते पिक फळले, कारण नेट्स पार कोसळले, आणि कमजोर संघाची निवडीची पाळी साधारणपणे आधी येते. समोरचा संघ चांगला खेळत राहिला असता तर? त्याच सौद्यातला २०१४ चा पिक १७ वा निघाला, त्यातून फारसं काही हाती लागलं नाही.

तर सांगा, संघानं नेमकं काय पाहून ठरवावं? खेळाडूचं वय, कराराची उरलेली वर्षं, की पिक देणाऱ्या संघाची पुढची अवस्था? आणि पीअर्ससारखा पंधरा वर्षं एकाच संघात राहिलेला माणूस गेल्यावर ड्रेसिंग रूममध्ये नव्या पोरांना सांभाळायचं कोणी? मला तर हे नुकसान सगळ्यात मोठं वाटतं.