चिऊ-काऊ वाचून वाचलेलं समजायला लागतं का?

डिचोलीची_बाई
मराठी प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवते. माझी पोरं घरी कोंकणी बोलतात आणि पुस्तक मराठी. धडा घडाघडा वाचतील, पण ‘काय वाचलंस?’ म्हटलं की छपराकडे बघत बसतात. म्हणून दोन महिने चिऊ-काऊ, भोपळ्यातली म्हातारी, माकड-मगर हेच वाचून घेतलं. वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि गोष्ट घरच्या भाषेत सांगायची. परवा एकजण म्हणाला, “पावस आयलो, कावळ्याचें घर व्हांवून गेलें.” पुस्तकातलं मराठी त्यानं आपल्या तोंडात बसवून घेतलं. याला मी समजणं म्हणते. निदान चौथीपर्यंत अशा गोष्टीच हव्यात. पटतंय?

हिशेबी_मडगावकर
बाई, राग मानू नका, नाही पटत. ही गोष्ट त्याला आजीनं शंभरदा सांगितली असणार. तो वाचत नव्हता, आठवत होता. माझी मुलगी गोष्टींचा फडशा पाडते आणि गणितात ‘उरलेल्या आंब्यांपैकी निम्मे’ आलं की रडायला लागते. औषधाच्या बाटलीवरचं ‘जेवणानंतर’ समजायला कुठली आजी येणार?

सांगेकर
माकड-मगर पंचतंत्रातली, लोककथा नव्हे. बाकी चालू द्या.

फोंड्याची_आज्जी
आजीचं नाव निघालं म्हणून लिहिते. गोष्ट ओळखीची असली की पोराचा सगळा जीव अक्षरं जुळवण्यात जात नाही, डोकं जरा मोकळं राहतं. चिऊ आतून म्हणते, “थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.” मग काजळ, मग तीट. तिला दार उघडायचंच नाही, हे पुस्तकात कुठं लिहिलंय? पोर ते आपसूक ताडतं. आणि ही गोष्ट काही आजची नव्हे. १३व्या शतकातल्या लीळाचरित्रातही आहे, तिथं चिमणीच्या जागी साळुंकी. हल्लीच्या पुस्तकांतून शेवटचा तापलेला तवा मात्र काढून टाकतात. तवाच नाही तर कावळ्याला अद्दल कसली घडली?

हिशेबी_मडगावकर
आज्जी, तुमचं पोर ताडतं ते ऐकून ऐकून. छापलेलं वाचून ताडतं का, एवढंच मी विचारतोय.

डिचोलीची_बाई
मडगावकर, तुमचा मुद्दा डोक्यात घोळत राहिला, म्हणून काल एक खोडी केली. गोष्ट हातानं लिहून काढली आणि एकच शब्द बदलला. ‘काऊचं घर चिऱ्याचं’. बाकी जशीच्या तशी. नऊ पोरांनी मोठ्यानं वाचली. सहांनी कागदावर ‘चिऱ्याचं’ असूनही बेधडक ‘शेणाचं’ वाचलं! म्हणजे तुमचं बरोबर, कबूल. दोघं अडखळली आणि माझ्याकडे बघून हसली. नववी मुलगी थांबलीच. म्हणाली, “बाई, आमचं घर चिऱ्याचं. ते पावसात वाहून जात नाही. मग काऊचं कसं गेलं?”

आता तीच गोष्ट ओळखीची नसती, तर तिला हा प्रश्न पडला असता का? शब्द बदललाय हे कळायला आधीचा शब्द माहीत लागतो.

फोंड्याची_आज्जी
त्या पोरीला माझ्याकडून एक नेवरी.

हिशेबी_मडगावकर
नेवरी मीही देईन. पण नवातली एकच ना, बाई? त्या सहांना पुढच्या आठवड्यात अजिबात न ऐकलेली गोष्ट द्या आणि काय होतं ते इथंच लिहा.