मदत हवी आहे: कोल्हापुरात तिखट न चालणारे पाहुणे, तीन दिवस, खायला कुठे नेऊ?

डोंबिवलीची_धाकटी

नमस्कार. बदली होऊन कोल्हापुरात आले त्याला पाच महिने झाले. राहायला राजारामपुरीत. एवढ्या दिवसांत माझं खाणं म्हणजे मेसचा डबा, गाडीवरचा दावणगिरी लोणी डोसा आणि रविवारी मिसळ. गाव खाऊन पाहिलंय असं म्हणायला मला तोंड नाही.

आता २४ जानेवारीला शनिवारी सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसने ताईकडची मंडळी येतायत. सोमवारी २६ ची सुट्टी, त्याच रात्रीच्या गाडीने परत. माणसं पाच आणि पाचांच्या पाच तऱ्हा. ताई काहीही खाते. भावजींना अल्सरमुळे डॉक्टरांनी तिखट बंद केलंय (हे ताईला मान्य आहे, भावजींना नाही). ताईच्या सासूबाई ७२ वर्षांच्या, शुद्ध शाकाहारी, जिथे मटण शिजतं तिथे पाणीसुद्धा घेणार नाहीत, शिवाय गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. भाचा १३ वर्षांचा, त्याला सगळंच बोअर होतं. भाची ८ वर्षांची, तिचं पोट गोडासाठी वेगळं आहे.

ऑफिसात विचारलं तर चौघांनी तांबडा-पांढरा सांगितला, दोघांनी मिसळ. एकाने "सोळंकीचं कॉकटेल पाजा" म्हटलं. मी भाबडेपणाने ते सासूबाईंना फोनवर सांगून टाकलं. पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही.

तर प्रश्न असा, की या शहरात जीभ न भाजता, बसून, गंमत करत खाता येईल असं काय आहे? गोड जास्त असलं तर उत्तम. मोठ्या एसी हॉटेलांची नावं नकोत, ती डोंबिवलीतही आहेत.

मंगळवारपेठी_वाघ

ताई, पाव्हण्यांस्नी आधी पांढरा रस्सा पाजा. तिखट न्हाई काय न्हाई. खोबऱ्याचं दूध, काजू, तीळ, खसखस. बारकी पोरंबी वाटीवर वाटी वडत्यात. नाद खुळा.

गुळव्याची_लेक

वाघोबा, तो मटणाच्या अळणीचाच असतोय. सासूबाई शाकाहारी हायत असं वर लिवलंय की.

मंगळवारपेठी_वाघ

मग त्यांस्नी सोलकढी द्या. पांढरी न्हाई, पर हाय चांगली.

रंकाळ्याचा_बगळा

धाकटीताई, कोल्हापूर म्हणजे तिखटजाळ ही बाहेरच्या हॉटेलांनी 'व्हेज कोल्हापुरी' नावाखाली लाल ओतून करून दिलेली ओळख आहे. इथल्या घरात चटणी लागते हे खरं, पण या जिल्ह्याचा संसार चालतो म्हैस आणि ऊस या दोघांवर. गोकुळचा दूध संघ १९६३ चा, शाहूपुरी पेठ वसली ती मुळात गुळाच्या व्यापारासाठी. दूध आणि गूळ ज्या गावात मुबलक, तिथे गोडाला काय तोटा? फक्त आम्ही त्याची जाहिरात करत नाही. मटणाची करतो.

कॉकटेलचं आधी मिटवू. सासूबाईंना सांगा, त्यात दारूचा थेंब नसतो. आइस्क्रीम, फळांचे तुकडे, जेली, सुकामेवा असं एकावर एक रचलेलं असतं. कोल्हापुरात 'कॉकटेल खाऊया' म्हटलं की शाळकरी पोरंही उठतात. सोळंकी आणि इंपिरियल ही दोन जुनी नावं. कुठलं चांगलं यावर घराघरांत भांडणं आहेत, मी सोळंकीकडचा. रिक्षावाल्याला नुसतं नाव सांगा, पत्ता लागत नाही. चौघांत तीन मागवा, एकट्याला संपत नाही. तुमच्या भाचीचं मला माहीत नाही.

संध्याकाळी खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ. अंबाबाईचं दर्शन करून भवानी मंडपातून बाहेर पडलात की फार लांब नाही. भावजींच्या भेळेत "तिखट नको" हे ऑर्डर देतानाच सांगा, कालवल्यावर सांगून उपयोग नसतो. भेळ होईतो भाच्याला शेजारचं खासबाग मैदान बाहेरून दाखवा. शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान आहे, १९१२ चं. मोबाइलमधून मान वर काढेल अशी आशा करू.

आणि तिसरं, जे पाहुण्यांना कुणी दाखवत नाही, ते म्हणजे गंगावेशीतला दूध कट्टा. महाद्वार रोडने पापाची तिकटी, तिथून गंगावेस. म्हशी तिथेच उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढतात, फेसाळ पेला हातात देतात. पहाटे जा नाहीतर संध्याकाळी. जवळच गंगावेस तालीम आहे. पैलवान आणि दूध यांचं नातं इथे पुस्तकात वाचायला लागत नाही.

काढा_आणि_गोळी

बगळेबुवांशी सहमत, पण एक अडसर घालतो. धारोष्ण दूध हे कच्चंच दूध असतं. जनावराला ब्रुसेलोसिससारखा आजार असेल तर तो त्यातून माणसात येतो, आणि लहान मुलं नि सत्तरीपुढची माणसं यांना त्रास जास्त. आमच्या आजोबांनी जन्मभर प्यायलं हे उत्तर मला येणार हे माहीत आहे, त्यामुळे ते कुणी लिहू नये. उपाय सोपा आहे. घरून किटली न्या, समोर धार काढून घ्या, घरी आणून उकळा. गंमत तीच राहते, आणि पेला बादलीत बुचकळून पुढच्याला देतात त्यातूनही सुटका.

मंगळवारपेठी_वाघ

आमच्या आजोबांनी जन्मभर प्यालं.

गुळव्याची_लेक

ताई, भाचा बोअर होतोय म्हणालात न्हवं? त्याला गुऱ्हाळावर न्या. जानेवारी म्हणजे ऐन हंगाम. शहराबाहेर पडलं की करवीर तालुक्यात कुठंबी धूर आणि गोड वास आला की गाडी थांबवायची आणि विचारायचं, "बघायला येऊ का?" कुणी नाही म्हणत नाही.

माझे वडील गुळव्या होते म्हणून सांगतो. (मी बाई माणूस, पण आम्ही असंच बोलतो, सवय करून घ्या.) रस मोठ्या काहिलीत उकळत असतोय, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं जाळत्यात. भेंडीचं पाणी घालून मळी वर आणायची आणि काढून टाकायची. रस दाट होत आला की मधे काकवी मिळते, तीच बाटलीत भरून घ्या. गूळ झाला का हे गुळव्या घड्याळ बघून नाही ठरवत. थोडा पाक पाण्यात टाकायचा आणि बोटांनी गोळी वळून बघायची. एक मिनिट इकडं तिकडं झालं तर आख्खं आधण वाया. मग काहील वाफ्यात, म्हणजे गूळ निवायच्या पसरट हौदात, ओततात, तो क्षण पोरांना चुकवू देऊ नका. वाफ्याच्या कडेचा गरम गूळ उसाच्या कांडक्याला गुंडाळून देत्यात. त्याच्यापुढं चॉकलेट काय करतंय.

मुलांना चुलवाणाजवळ सोडू नका एवढंच. आणि गूळ पिवळाधमक दिसला म्हणून भुलू नका, जरा काळपट तांबूस असलेला घ्या. कोल्हापुरी गुळाला २०१४ ला भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हापासून बाजारात सगळाच गूळ कोल्हापुरी झालाय.

पंचगंगा_काठ

एका दिवशी नरसोबाची वाडी करा. साधारण ५० किलोमीटर. कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताचं दर्शन सासूबाईंना आवडेल, आणि बाहेर पडलं की बासुंदी, पेढे, कवठाची बर्फी. कवठाची बर्फी आंबटगोड असते, पहिल्या घासाला पोरं तोंड वाकडं करतात आणि तिसऱ्या घासाला पुडा पळवतात. फक्त जोडून सुट्टी आहे, गर्दी असणार. सातच्या आत निघा, नाहीतर जाऊच नका.

तिकटीवरचा_तुका

अहो, तारखेकडं कुणाचं लक्षच नाही! २६ जानेवारी! त्या दिवशी कोल्हापूर जिलेबी खातं. झेंडावंदन झालं की चौकाचौकांत मांडव, कढया, तरुण मंडळांची पोरं आणि किलोकिलोचे पुडे. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी या दोन दिवशी जिलेबी घरात आली नाही तर शेजारी तब्येत विचारतात. महापालिकेजवळ माळकरांकडे रांग असते. पण तुम्ही राजारामपुरीत आहात, गल्लीच्या तोंडाशीच मिळेल. गरम घ्या, उभ्या उभ्या दोन खा, मग घरी न्या.

नाशिककर_पाहुणा

मिसळीबद्दल कुणीच बोललं नाही. कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस का देतात? पाव मागितला तर माझ्याकडे विचित्र बघितलं.

तिकटीवरचा_तुका

कारण कट शोषायला स्लाइसच पाहिजे. पाव म्हणजे उशी.

नाशिककर_पाहुणा

उशी?? आमच्याकडे

डोंबिवलीची_धाकटी

दादांनो, हात जोडते. मिसळीचं युद्ध दुसऱ्या धाग्यावर. माझ्याकडे एक अल्सर आणि एक सासूबाई आहेत.

सगळ्यांचे आभार. किटलीची कल्पना एकदम पटली. आल्यावर कळवते.

डोंबिवलीची_धाकटी (२८ जानेवारी)

मंडळी गेली. वृत्तांत देते म्हटलं होतं म्हणून.

शनिवारी दुपारी एका हॉटेलात जेवलो, नाव घेत नाही. "तिखट अजिबात नको" असं तीनदा सांगितलं. आलेली भाजी सिग्नलसारखी लाल. वेटरला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, हे कमीच हाय." भावजी खुशीत आले. ताईने ताट त्यांच्यापुढून ओढून घेतलं आणि त्यांना दहीभात मागवला. तिथेच दिवसाचा मूड ठरला.

संध्याकाळी खासबाग. सासूबाई रिक्षातून उतरल्याच नाहीत, भेळ रिक्षात नेऊन दिली, आणि रिक्षावाल्याकाकांनीही आपली एक मागवून त्यांच्याशी सुनांचा विषय काढला. आम्ही परत आलो तेव्हा दोघांचं सगळ्याच बाबतीत एकमत झालेलं होतं. पुढे सोळंकी. सासूबाईंनी आधी चमच्याने प्रत्येक थर उचलून तपासला. मग भाचीच्या वाटणीतली जेली खाल्ली. नंतर माझी.

रविवारी वाडी रद्द केली, उठलोच साडेआठला. गुळव्याच्या लेकीचं ऐकून पन्हाळ्याच्या वाटेवर एका गुऱ्हाळावर थांबलो. इथे चमत्कार म्हणा. भाच्याने पाऊण तास मोबाइल खिशात ठेवला. गुळव्याकाकांना त्याने विचारलं, "थर्मामीटर का वापरत नाही?" काकांनी त्याला पाण्यातली गोळी वळायला दिली. त्याची विरघळून गेली, काकांची राहिली. "अजून तीन मिनिटं," काका म्हणाले, आणि खरंच तीन मिनिटांनी ओतला. भाचा घरी येईपर्यंत दोन बोटं एकमेकांवर घासत होता.

संध्याकाळी गंगावेस. सासूबाईंनी माझी किटली बघून नाक मुरडलं, स्वतः घासून घेतली, आणि कट्ट्यावर जाऊन म्हशीवाल्याला "पहिली धार नको, आधी आचळ धुवा" असं सुनावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो माणूस हसला, म्हणाला, "आजी गाववाल्या दिसत्यात." तेव्हा कळलं की लग्नाआधी त्यांच्या माहेरी चार म्हशी होत्या. वीस वर्षं ताई त्या घरात आहे, तिलाही हे ठाऊक नव्हतं. तीन लिटर दूध घेतलं.

ते दूध घरी उकळलं तर सकाळी बोटभर साय. सासूबाईंनी गॅससमोर खुर्ची टाकून घेतली आणि म्हणाल्या, आता बाहेर कुठे जायचं नाही. नऊला सुरू केलं, अकरा वाजून गेले तरी ढवळणं चालू. भाच्यालाही पाळी लावून दिली होती. भाचीला त्यात गुऱ्हाळावरचा गूळ टाकायचा होता, तिचा हात वरच्यावर धरला, "गरम दुधात गूळ टाकलास तर फाटेल सगळं." साखर, वेलची, जायफळ, बस.

तेवढ्यात भावजी गल्लीच्या तोंडावरून एक किलो जिलेबी घेऊन आले. गेले ते तासभर. शर्टावर कटाचा लाल डाग होता. त्याबद्दल ताई वेगळा धागा काढणार आहे.

बासुंदीत जिलेबी बुडवून खाल्ली. रांगेत उभं राहून खाल्लेलं सगळं एका बाजूला आणि हे एका बाजूला. दुपारी सगळे जे आडवे झाले ते गाडीच्या वेळेलाच उठले, त्यामुळे रंकाळा राहिला.

मंगळवारपेठी_वाघ

बासुंदी उरली का?

डोंबिवलीची_धाकटी

पातेलं घासून झालं. काकवीच्या दोन बाटल्या मात्र उरल्यात. फ्रिजात ठेवू की बाहेर?

गुळव्याची_लेक

बाहेरच, झाकण घट्ट लावून. चमचा कोरडा घाला. गरम भाकरी, काकवी, वर तूप. दुसरी बाटली आठवडाभरानं उघडायची असं ठरवा, बघू जमतंय का.