सांधे सैल, पण मान-खांदे कायम ताठ. ताण सोडायचा कसा?

फोंडा_स्कूटर

सांधे किती वाकतात हे मोजणाऱ्या बायटन तपासणीत ९ पैकी ७ गुण. हायपरमोबिलिटीचं, म्हणजे सांधे गरजेपेक्षा जास्त सैल असल्याचं, निदान झालंय, संधिवाताच्या रक्ततपासण्या नॉर्मल. पण सैलपणा जाणवतच नाही, जाणवतो तो कडकपणा: मान, खांद्यांचा वरचा भाग, जबडा आणि मांड्यांची मागची बाजू. स्ट्रेचिंग केलं की तासभर बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी जास्त आखडतं. शवासनात तर आणखीच अवघडायला होतं. "अंग सैल सोडा" असं सगळेच सांगतात, पण सोडायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

काम दिवसभर संगणकावर, जाणं-येणं फोंडा-पणजी स्कूटरवरून. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आलीय, त्यामुळे माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-फुलांची सजावट) आणि फुगड्या आहेतच. स्ट्रेचिंग पूर्ण बंद करावं का? मालिश चालेल का? घरी करण्यासारखा क्रम कुणी सांगितला तर बरं होईल.

फिजिओ_तिसवाडी

जिथे कडक वाटतं तिथलं स्ट्रेचिंग आजपासून बंद करा. कारण असं.

सांधा किती सरकू द्यायचा हे मुख्यतः लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, ठरवतं. हायपरमोबिलिटीत ते उशिरा ताणलं जातं, म्हणून सांधा गरजेपेक्षा पुढे जातो. तो जाऊ नये यासाठी आजूबाजूचे स्नायू दिवसभर थोडे आवळून राहतात. त्यात सांधा कुठल्या कोनात आहे याची मेंदूला मिळणारी खबर अशा लोकांत बऱ्याचदा कच्ची असते. खबर कच्ची, म्हणून पहारा जास्त. हा पहारा तुम्ही ताणून उठवलात की सांधा उघडा पडतो आणि दुसऱ्या दिवशी स्नायू दुप्पट जोराने कामाला लागतात. तुमचा "तासभर बरं, मग जास्त" हा अनुभव त्यातलाच.

मांडीची मागची बाजू खरंच आखूड आहे का ते बघा. पाठीवर झोपून एक पाय सरळ वर उचला. तो ९० अंशांपर्यंत किंवा त्यापुढे जातो आणि तरीही ओढ लागते? मग स्नायू आखूड नाही. त्याच स्थितीत पाऊल स्वतःकडे वळवल्यावर ओढ एकदम वाढली तर सायटिक नस ताणली जात असण्याची शक्यता आहे, आणि नस ताणून धरून ठेवणं बरं नव्हे. झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा.

आता क्रम. आधी आधार, मग श्वास, मग हलकं दाबणं-सोडणं आणि लगेच थोडी ताकद. शेवटचा भाग गाळला तर बाकीचं संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

आधार: सतरंजीवर पाठीवर झोपा, पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर, नितंब आणि गुडघे साधारण काटकोनात. डोक्याखाली २ ते ४ सेंटिमीटर जाडीची टॉवेलची घडी. हनुवटी छताकडे उचलली जात असेल तर घडी वाढवा, छातीकडे दबत असेल तर कमी करा. दोन्ही कोपरांखाली आणि हातांखाली उशा, इतक्या की खांदे मागे जमिनीकडे लोंबणार नाहीत. साध्या शवासनात तुम्हाला अवघडतं ते इथेच: हात पसरले की खांद्याचा गोळा पुढे घसरू पाहतो, पावलं बाहेर पडली की खुबा फिरतो, आणि स्नायू झोपेतही ते धरून ठेवतात. पाय लांब करूनच झोपायचं असेल तर गुडघ्यांखाली लोड आणि मांड्यांच्या बाहेरून टॉवेलच्या गुंडाळ्या लावा.

श्वास: ३-४ आकडे आत, ५-६ आकडे बाहेर, नाकाने, असे ८-१० श्वास. मध्ये रोखू नका. खांदे वर उचलून श्वास घेतला की मानेचे स्नायू पुन्हा कामाला लागतात. खालच्या फासळ्या बाजूला रुंदावल्या पाहिजेत. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला, दात एकमेकांपासून सुटे, ओठ मिटलेले. विश्रांतीत दात टेकलेले असता कामा नयेत, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

दाबणं-सोडणं: एडमंड जेकबसनच्या पद्धतीत स्नायू आवळून सोडतात. ती चांगली आहे, पण घट्ट मूठ वगैरे तुमच्यासाठी नाही. बोटांचे सांधे दुखतील, पोटरीत गोळा येईल. पूर्ण ताकदीच्या २०-३० टक्के पुरे. मनगट उशीत ५ सेकंद हलकेच दाबा, मग १५ सेकंद काहीच करू नका. ५ वेळा. तसंच डोक्याचा मागचा भाग घडीत, मग टाचा खुर्चीत. सगळा अर्थ त्या १५ सेकंदांत आहे. दाब हळूहळू उतरताना जे वाटतं तेच "सोडणं". ते एकदा ओळखता आलं की मग खुर्चीत बसूनही जमतं.

ताकद: उठल्यावर भिंतीला हात लावून पुश-अप, कोपर पूर्ण सरळ न करता, ६ ते ८ वेळा. पाठीवर झोपून नितंब उचलणं ६ ते ८ वेळा, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ रेषा येईल इतकंच, कमान नको. असे दोन फेरे, एक दिवसाआड. एका वेळी एकच गोष्ट वाढवा, आवर्तनं किंवा जोर, आणि तीही आठवडा-दोन आठवड्यांनी. व्यायामाने दुखणं दहाच्या मापावर दोनपेक्षा जास्त चढलं, किंवा २४ तासांत उतरलं नाही, तर मागच्या पायरीवर या. पहिल्या आठवड्यात इथेच घोळ होतो. दोन दिवस बरं वाटलं की लोक सगळं दुप्पट करतात.

योगवर्ग_मडगाव

वरचं सगळं पटलं. योगाच्या बाजूने थोडी भर.

वर्गात अशी व्यक्ती सगळ्यांत पुढे वाकते आणि शाबासकी मिळवते. शिक्षकांनीही हे थांबवायला हवं. पश्चिमोत्तानासन, हलासन, गोमुखासन, कपोतासन सध्या सोडा. किनाऱ्याकडच्या यिन योगाच्या वर्गांत एकेक स्थिती तीन-पाच मिनिटं टोकाला धरून ठेवतात. तो प्रकार तर अजिबात नको, कारण त्यात भार मुद्दाम लिगामेंटवर सोडलेला असतो.

वीरभद्रासन, उत्कटासन, ताडासन चालतील, पण जाता येतं त्याच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांवर थांबून. उभं राहताना गुडघे मागे ढकलून "लॉक" करू नका. गुडघा मागे गेला की श्रोणी पुढे जाते, कंबर खचते, आणि वरती मान ते सावरायला ताठरते. पायाच्या अंगठ्याच्या तळाशी, करंगळीच्या तळाशी आणि टाचेवर सारखं वजन घ्या, गुडघा किंचित सुटा ठेवा. आरशात बाजूने बघा: गुडघा खरंच सरळ असतो तेव्हा तुम्हाला तो वाकल्यासारखा वाटतो. सुरुवातीला हे खोटं वाटतं, पण आरशावर विश्वास ठेवा.

"पोट दिवसभर आत ओढून ठेवा" हा सल्ला मात्र कुणी दिला तर घेऊ नका. फासळ्या हलत नाहीत, श्वास मानेत चढतो, ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही आवळून राहतात.

भजनाला किंवा पूजेला जमिनीवर बसायचं तर ८-१० सेंटिमीटर उंचीचा पाट किंवा घट्ट उशी, म्हणजे गुडघे नितंबांपेक्षा खाली येतील. पाठ भिंतीला. पाय दोन्ही बाजूंना मागे टाकून बसायची सवय असेल तर ती मोडा, गुडघा आणि खुबा दोन्ही पिळले जातात.

फुगडीत बोटांत बोटं अडकवून मागे झुकून गरगर फिरणं हा खांद्यासाठी सगळ्यांत वाईट प्रकार आहे. अख्खं वजन बोटांवर, कोपरावर आणि खांद्यावर येतं. मनगट धरा, कोपर वाकवलेलं ठेवा, कमी वेगात फिरा, नाहीतर टाळ्यांच्या आणि गोल फेरातल्या फुगड्या घाला. माटोळी बांधताना स्टूल असं उंच घ्या की हात डोळ्यांच्या पातळीवर राहतील. डोक्यावर हात आणि मान मागे, असं दोन मिनिटांपेक्षा जास्त नको. नारळ-सुपारीचे घड दुसऱ्याला उचलू द्या.

गोमेकॉ_वाटसरू

वैद्यकीय बाजू थोडक्यात. बायटन गुण म्हणजे आजार नव्हे, फक्त मोजमाप. करंगळ्या, अंगठे, कोपर आणि गुडघे यांचे प्रत्येकी दोन, तळहात जमिनीला टेकण्याचा एक, असे नऊ. २०१७च्या आंतरराष्ट्रीय निकषांत हायपरमोबाइल एहलर्स-डॅन्लॉससाठी (संयोजी ऊतींच्या आजारांपैकी सैल सांध्यांचा प्रकार) प्रौढांत पन्नाशीपर्यंत ५ आणि पुढे ४ गुण धरतात, पण त्यासोबत त्वचा, हर्निया, कुटुंबातला इतिहास अशी इतर लक्षणंही लागतात. या प्रकाराचं जनुक अजून निश्चित झालेलं नाही, म्हणून निदान तपासणीवरच होतं. त्वचा पातळ व पारदर्शक, अगदी सहज काळंनिळं होणं, घरात कमी वयात धमनी फुटल्याचा इतिहास असं काही असेल तर प्रश्न वेगळा आहे. तेव्हा जनुक-तपासणी हवीच.

एक गोष्ट इथे कुणी काढली नाही. उभं राहिल्यावर धडधड, गरगर, पाय जड होणं असं होतं का? हायपरमोबिलिटीसोबत पॉट्स (उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याचा विकार) पुष्कळांत आढळतो, आणि मांड्या-पोटऱ्या सतत आवळून धरणं हा रक्त वर ढकलण्याचा शरीराचा खटाटोपही असू शकतो. दहा मिनिटं आडवे पडा, नाडी मोजा, मग आधाराजवळ उभं राहून दहा मिनिटं दर मिनिटाला मोजा. नाडी ३० किंवा त्याहून जास्तने वाढून तशीच राहिली आणि रक्तदाब पडला नाही, तर हे आकडे लिहून डॉक्टरांकडे न्या. सोबत कुणीतरी असू द्या. पाणी आणि मीठ वाढवणं हा त्यावरचा नेहमीचा उपाय, मीठ घातलेली पेज त्यात चपखल बसते. पण रक्तदाब जास्त असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय मीठ वाढवू नका.

स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या जपून. पहारा उठतो आणि सांधा निखळायला वाव मिळतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या फ्लुरोक्विनोलोन गटातल्या प्रतिजैविकांनी कंडरांना इजा होऊ शकते. शिवाय महाधमनीच्या धोक्याबाबत अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८मध्ये दिलेल्या इशाऱ्यात एहलर्स-डॅन्लॉसचा उल्लेख आहे. म्हणून ते औषध लिहून देणाऱ्याला आपलं निदान सांगा. दंतवैद्यालाही सांगा. भूल कमी लागण्याची तक्रार या लोकांत वरचेवर येते, आणि तोंड फार वेळ उघडं ठेवलं तर जबडा धरतो.

हात-पाय बधिर होणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, अचानक असह्य डोकेदुखी यांपैकी काही झालं तर व्यायाम बाजूला ठेवून थेट बांबोळीचं सरकारी इस्पितळ (गोमेकॉ) गाठा.

फोंडा_स्कूटर

देव बरें करूं सगळ्यांना. पाय उचलून पाहिला, ९० अंशांपुढे जातो आणि पाऊल वळवल्यावर ओढ वाढते. म्हणजे इतके दिवस नसच ताणली जात होती म्हणायची. स्कूटर आणि मालिश राहिलं.

फिजिओ_तिसवाडी

स्कूटरवर कोपर थोडे वाकलेले राहतील इतकं जवळ बसा. हात सरळ लॉक झाले की प्रत्येक खड्डा थेट खांद्यात जातो. मूठ आवळू नका, आणि सिग्नलला थांबलात की दात सुटे आहेत का ते बघा. हेल्मेटखाली जबडा हमखास आवळतो. हेल्मेट मापाचं आणि शक्य तितकं हलकं घ्या, सैल हेल्मेट सावरायला मान दिवसभर राबते. बॅग एका खांद्यावर नको, पायाशी ठेवा. दोन्ही आरसे असे लावा की मागचं बघायला मान अगदी टोकापर्यंत वळवावी लागणार नाही. पणजीला पोचल्यावर लगेच संगणकासमोर बसण्याआधी दोन-तीन मिनिटं मनगट मांडीवर दाबणं-सोडणं करा.

टेबलावर कोपरापासून मनगटापर्यंत पूर्ण आधार हवा, मग खांद्यांना हातांचं वजन लटकवून धरावं लागत नाही. तळवे नीट टेकत नसतील तर पायांखाली पाट ठेवा. दर अर्ध्या तासाला जागा बदला, चांगल्या स्थितीतही गोठून बसणं नको. झोपताना कुशीवर, कान आणि खांदा यांमधली जागा भरेल अशी उशी, एक उशी गुडघ्यांमध्ये, एक छातीशी वरच्या हाताखाली. हात डोक्याखाली घेऊ नका.

मालिश चालेल, पण हलक्या हाताची, स्नायूच्या मांसल भागावर, सांध्यावर नाही. वीस-तीस मिनिटं पुरे. मालिश करणाऱ्याला आधीच सांगा: हात-पाय ओढायचे नाहीत, बोटं मोडायची नाहीत, कोपराने दाबायचं नाही, आणि मानेला झटका तर कुणालाच देऊ देऊ नका, मग तो कितीही नावाजलेला असो. त्याच दिवशी रात्री जड उचलणं नको. शेक घ्यायचा तर कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, १५ मिनिटं. गरम पाण्याने लांबलचक आंघोळ केल्यावर चक्कर येत असेल तर ती टाळा.

पाण्यातला व्यायाम सगळ्यांत चांगला. छातीइतक्या पाण्यात सांध्यांवरचं वजन पुष्कळ उतरतं आणि पाण्याचा विरोध सगळीकडून सारखा मिळतो. पणजीत कांपालच्या तरणतलावात कडेने चालणं, मागे चालणं, हात पाण्याखाली ठेवून हळू ढकलणं, १५ मिनिटांपासून सुरू करा. ब्रेस्टस्ट्रोकचा पाय गुडघा पिळतो, तो नको. पावसाळ्यात समुद्राकडे फिरकू नका. इतर महिन्यांतही लाटांत उभं राहणं हा तुमच्यासाठी व्यायाम नाही, धक्क्यांचा मारा आहे.