गळकी इंधन टाकी: वेल्डिंगपूर्वी गळतीची जागा पाहावी
गाडीची इंधन टाकी काठोकाठ भरली की गळते, काय करावे, असा प्रश्न एकाने विचारला आहे. त्यावर टाकी रिकामी करून गळणारी जागा वेल्डिंगने बुजवावी, असे सुचवण्यात आले आहे. तो सल्ला धोक्याचा आहे. नुकतीच रिकामी केलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक स्फोटक असते, कारण तिच्यात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण उरते, आणि टाकी केवळ पाण्याने विसळल्याने ती वाफ पूर्णपणे जातेच असे नाही. हे काम टाक्यांच्या दुरुस्तीचा अनुभव असलेल्या कारागिरानेच करावे.

मूळ प्रश्नात गळती टाकी काठोकाठ भरल्यावरच होते, असे म्हटले आहे. तसे असल्यास पत्र्यापेक्षा इंधन भरण्याच्या नळीचा रबरी होज किंवा टाकीवर बसवलेल्या इंधन पंपाखालचे गॅस्केट (सांध्यातून गळती होऊ न देणारी चकती) यांवर आधी संशय घ्यावा. हे भाग बदलणे तुलनेने सोपे असते. तळाशी ओल दिसत असेल, तर मात्र आत साचलेल्या पाण्यामुळे किंवा टाकी धरणाऱ्या पट्ट्यांखाली अडकलेल्या चिखलामुळे पत्रा गंजलेला असण्याची शक्यता अधिक. अशा टाकीला इपॉक्सी पुटी (छिद्र बुजवण्याचा, वाळून कडक होणारा लेप) लावणे म्हणजे गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरती सोय. एक छिद्र दिसते तेव्हा आजूबाजूचा पत्राही बहुधा कागदासारखा झालेला असतो, म्हणून टाकी बदलणेच मला योग्य वाटते. तोवर गाडी बंदिस्त जागेत उभी करू नये.