पिस्तुलावरची रेड डॉट साइट सैल होतेय. पक्की कशी बसवावी? सल्ला हवाय

डलासकर_दिगू

नमस्कार मंडळी. टेक्सासात राहतो. दीड वर्षापासून यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेच्या स्थानिक मॅचेस खेळतो, कॅरी ऑप्टिक्समध्ये, म्हणजे डॉट लावलेल्या पिस्तुलांच्या गटात. पिस्तूल ग्लॉक ३४ एमओएस, म्हणजे स्लाइडवर (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर) साइट बसवायला कारखान्यातच खाच केलेली असते. खाचेत प्लेट, प्लेटवर रेड डॉट साइट, म्हणजे काचेत दिसणारा लाल ठिपका ठेवून नेम धरायचा. तिचा फूटप्रिंट, म्हणजे तळाचा आकार आणि स्क्रूची भोकं, आरएमआर नावाच्या साइटसारखा. एका दुकानातून बसवून घेतली होती. दुकानाचं नाव घेत नाही, उगाच वाद नको.

तर झालं असं. तीन आठवडे माझे नेम डावीकडे जात होते. मला वाटलं चाप ओढताना बोट चुकतंय. मग वाटलं झिरो (ठिपका आणि गोळी लागते ती जागा यांचा मेळ) गेला असेल, म्हणून दर शनिवारी नेम जुळवायचा स्क्रू दोन-तीन क्लिक फिरवायचो. एका क्लिकला एक एमओए (कोनाचं माप), २५ यार्डांवर जेमतेम पाव इंच. पुढच्या शनिवारी परत तेच. गेल्या मॅचला अल्फा (लक्ष्याचा मधला, जास्त गुणांचा भाग) लागायच्या तिथे कमी गुणांचे चार्ली आणि डेल्टा. चौथ्या स्टेजनंतर पिस्तूल रिकामं दाखवताना रेंज ऑफिसर म्हणाला, "तुझी साइट हलतेय बघ." सेफ्टी एरियात जाऊन बोट लावलं तर आजीच्या दातासारखी डुगडुगत होती.

आता स्वतःच बसवायची म्हणतोय. लॉकटाइट (स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) कुठलं? टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, किती? ही प्लेट फेकून दुसरी घेऊ का? ज्यांनी हजारो राउंड झाडूनही साइट जागची हलली नाही अशांनी जरा सांगा.

ह्यूस्टन_हणमंत

लाल लॉकटाइट लाव आणि विसरून जा. माझी दोन वर्षं हललेली नाही.

नटबोल्ट_भोसरी

हणमंतराव, हलली नाही हे खरं, पण काढायची वेळ आली की काय करणार? लाल २७१ सोडवायला जोडाला अडीचशे अंश सेल्सियसच्या आसपास उष्णता द्यावी लागते. त्या साइटमध्ये इलेक्ट्रॉनिक्स आणि काच आहे ना? आणि एवढासा स्क्रू, त्याचं डोकं गोल होणार किंवा तुटून आत राहणार. मग ड्रिल मारत बसा.

दिगू, आधी कबूल करतो, मी खरी बंदूक कधी हातात धरलेली नाही. जत्रेत फुगे फोडलेत तेवढंच. पण भोसरी एमआयडीसीत तीस वर्षं नट-बोल्ट आवळण्यात आणि सैल का झाले ते शोधण्यात गेली, आणि तुझं दुखणं मला ओळखीचं वाटतंय.

तुम्ही दोघे लॉकटाइटच्या रंगात अडकलात, पण स्क्रूचं काम काय हे कोणी विचारलं नाही. स्क्रूचं काम दाबून धरायचं. आडवा मार खायचं नाही. स्क्रू आवळला की तो रबरासारखा किंचित ताणला जातो, तो ताण दोन भागांना एकमेकांवर दाबतो, आणि त्या दाबामुळे जे घर्षण होतं ते भागांना सरकू देत नाही. उरलेला धक्का खाचेच्या भिंतींनी आणि प्लेटवरच्या गुट्ट्यांनी (छोट्या खुंट्यांनी) खायचा असतो. तुझी स्लाइड दर गोळीला मागे आपटते, पुढे आपटते. वर चाळीसेक ग्रॅमची साइट. ती खाचेत आधीच ढिली असेल तर प्रत्येक फटका स्क्रूवर आडवा बसतो.

आडव्या हालचालीने बोल्ट आपोआप सुटतो हे गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये यंत्र बनवून दाखवलं. आजही त्याच नावाची चाचणी चालते. त्या चाचणीत आपले लाडके स्प्रिंग वॉशर सपशेल नापास होतात, हे जाता जाता. (आमच्या स्टोअरमध्ये अजून पोत्याने येतात.)

दुसरं, तुझे स्क्रू आखूड आहेत. लांब बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून खाली रंगाचा किंवा तेलाचा थर थोडा बसला तरी ताण शिल्लक राहतो. आखूड स्क्रूत ताणच केसाएवढा, तो थर दबला की गेला. म्हणून टेकणाऱ्या जागा स्वच्छ आणि कोरड्या हव्यात.

प्लेट काढ आणि मला तीन गोष्टी सांग. साइट न आवळता नुसती प्लेटवर ठेवली तर आडवी सरकते का? प्लेट खाचेत हलते का? आणि स्क्रू किती आटे आत जातो?

मिनिआपोलिसची_माई

काकांनी पाया सांगितला, मी स्वयंपाकघर सांगते. मी मुळात स्टील चॅलेंजवाली, म्हणजे पोलादी लक्ष्यं वेळेवर पाडायची स्पर्धा. आठ स्टेज, एक सोडून बाकी प्रत्येकीला पाच फेऱ्या, त्यातल्या चार चांगल्या धरायच्या. तिथे .२२ वर (छोट्या गोळीच्या बंदुकीवर) डॉट लावते, आणि .२२ ला धक्काच नसल्यामुळे माझं आयुष्य सुखात गेलं. नऊ एमएमवर डॉट लावला तेव्हा दुसऱ्याच महिन्यात शहाणपण आलं.

दिगू, सगळ्यात आधी मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटानेही बघ, गोळ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत. मग स्लाइड फ्रेमवरून उतरवून फक्त स्लाइड टेबलावर घे. पूर्ण पिस्तूल शिकंज्यात धरून साइट आवळणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्याशेजारी मी उभी राहत नाही.

स्क्रू, आटे, प्लेटच्या दोन्ही बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. एकदा पुसून कापूस काळा निघाला तर परत पूस. कारखान्यातून आलेलं तेल आट्यांत असतंच, आणि जुनं लॉकटाइट असेल तर ब्रशने खरवडून काढ. त्यावर नवीन लावू नकोस.

लॉकटाइट निळं, २४२ किंवा २४३. २४३ थोडंफार तेल सहन करतं, पण म्हणून पुसायचा आळस नको. जांभळं २२२ बारीक स्क्रूंसाठीच असतं, मी .२२ वर तेच लावते. एक थेंब, स्क्रूच्या मधल्या आट्यांना. काचेला आणि प्लॅस्टिकला लागू देऊ नकोस, काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात.

टॉर्क साइटच्या पुस्तिकेत असेल तो. आरएमआरच्या पुस्तिकेत १२ इंच-पाउंड आहे. "हाताने घट्ट" हा टॉर्क नाही. दोन्ही स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे. मग २४ तास स्लाइडला हात लावायचा नाही. दहा मिनिटांत धरल्यासारखं वाटतं, पण पूर्ण वाळायला दिवस लागतो. शनिवारी सकाळी बसवून दुपारी रेंजवर जाणारे रविवारी असे धागे काढतात.

शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून साइटच्या अंगावर पेंट पेनने एक सरळ रेघ ओढ. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय. ठिपका सरकल्यासारखा वाटला तर क्लिकला हात लावण्याआधी रेघ बघायची. तुझे तीन आठवडे वाचले असते.

पुणेरी_पाटी

हे सगळं शस्त्रांचं कौतुक इथे कशाला? मराठी संकेतस्थळ आहे ना हे?

मिनिआपोलिसची_माई

धागा खेळांच्या विभागात आहे. मराठीत नेमबाजी निषिद्ध असेल तर कोल्हापुराला आधी कळवा.

रंकाळ्याचा_रावसाहेब

कोल्हापूरला कळलं बरं का माई! आमच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसात ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं, ते ठिपक्याबिपक्याशिवाय. ऑलिंपिकच्या रायफलला भोकाची साइट आणि पिस्तुलाला उघडी. डॉट तिथं चालतच न्हाई. त्यामुळं आमच्याकडं क्लबात कुणी डॉट लावला की सर ओरडतात.

पर माझा प्रश्न वेगळा हाय. घरी .१७७ ची स्प्रिंगची एअर रायफल हाय. तिच्यावर डॉट लावलाय, ११ मिलीमीटरच्या खाचेवर. छरा बंदुकीच्या गोळीपेक्षा गरीब, तरी माउंट मागंपुढं सरकतोच. एक डॉट तर आतून खुळखुळायला लागला. एवढ्याशा छऱ्याला एवढा जोर कुठनं येतो?

नटबोल्ट_भोसरी

रावसाहेब, छऱ्यामुळे नाही, पिस्टनमुळे. स्प्रिंग सुटली की जड पिस्टन पुढे धावतो, रायफल मागे येते. मग पिस्टन सिलिंडरच्या टोकाला, दाबलेल्या हवेच्या गादीवर, थबकतो आणि रायफल पुढे फेकली जाते. म्हणजे एकाच गोळीला दोन उलट झटके. साध्या बंदुकीचा धक्का मुख्यतः एका दिशेचा, म्हणून बंदुकीसाठी बनवलेला डॉट तिथे टिकतो आणि तुमच्या स्प्रिंगवर खुळखुळतो. "स्प्रिंगरला चालेल" असं लिहिलेलाच घ्या. सरकायचं थांबवायला रायफलच्या पाठीवर स्टॉप पिनचं भोक असेल तर पिनवाला माउंट घ्या. ती पिन भोकात बसली पाहिजे, वर टेकून नाही. भोक नसेल तर मागे वेगळा अडसर लावा. नुसतं जास्त आवळलंत तर ॲल्युमिनियमचे जबडे चेपतील.

डलासकर_दिगू

काका, माई, उघडली एकदाची. हसू नका.

साइटचे दोन्ही स्क्रू तेलकट, निळ्याचा मागमूस नाही. साइट प्लेटवर ठेवली तर आडवी हलतेय, नखाएवढी नाही पण हलतेय. प्लेट स्लाइडमध्ये ठीक वाटतेय. आणि एक स्क्रू तीन आटेच आत जात होता. दुसरा त्याच्यापेक्षा लांब आहे! दुकानदाराने हाताला लागतील ते दोन टाकलेत बहुतेक.

दोन्ही लांब टाकू का? माझ्या डब्यात ६-३२ चे (अमेरिकी मापाचे) लांब आहेत.

सॅनहोजे_सदानंद

थांब!! लांब टाकू नकोस. ग्लॉकमध्ये उजव्या बाजूच्या स्क्रूखालून एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) प्लंजरची, म्हणजे त्याला दाबणाऱ्या दांडीची, नळी जाते. स्क्रू जास्त खाली उतरला की प्लंजरला अडकतो, मग रिकामी पुंगळी बाहेर पडत नाही आणि लोक गोळ्यांना दोष देत बसतात. बसवून झाल्यावर एक्स्ट्रॅक्टर बोटाने बाहेर ओढून बघ, स्प्रिंगने सहज परत आला पाहिजे. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा बघ म्हणजे फरक कळेल.

नटबोल्ट_भोसरी

तीन आटे! अरे देवा. आमच्याकडे अंगठ्याचा नियम, स्टीलमध्ये स्क्रूच्या व्यासाएवढे तरी आटे धरलेले हवेत. ६-३२ चा व्यास साडेतीन मिलीमीटर, एक आटा पाऊण मिलीमीटरच्या थोडा वर. म्हणजे चार-पाच आटे किमान. आणि सदानंद म्हणतात तसं वरची मर्यादाही आहे. अंदाजाने कापू नकोस, त्याच प्लेट आणि साइटच्या जोडीसाठी दिलेले स्क्रू मागव. मेट्रिक एम४ दिसायला जवळचा वाटतो पण त्याची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) वेगळी, जबरदस्तीने फिरवलास की आटे गेले.

बंद भोकात लॉकटाइट भरपूर ओतलंस तर तळाशी द्रव अडकतो आणि स्क्रू टेकण्याआधीच घट्ट लागतो. टॉर्क रेंच "कट" म्हणतो आणि डोकं अजून वरच. म्हणून माईंचा एक थेंबच बरोबर. आणि ओल्या आट्यांवर तोच टॉर्क जास्त ताण देतो, तेव्हा पुस्तिकेतल्या आकड्यावर "अजून थोडं, देवाला" करू नकोस.

रेंच कुठला आहे?

डलासकर_दिगू

व्हीलरचा फॅट रेंच. १० ते ६५ इंच-पाउंडांचा.

नटबोल्ट_भोसरी

१२ म्हणजे त्याच्या पट्टीचं अगदी तळ. तिथे कुठल्याही रेंचवर कमी विश्वास. मित्राकडे लहान पट्टीचा असेल तर आण. नसेल तर आहे तोच वापर, बोटांपेक्षा बरा. काम झालं की आकडा पट्टीच्या सगळ्यात खालच्या खुणेवर आणून ठेव, स्प्रिंग ताणलेली ठेवू नये.

प्लेट मात्र बदल. साइटच्या पोटातल्या खड्ड्यांत प्लेटच्या गुट्ट्या घट्ट बसतील अशी घे. थोडी दाबून बसवावी लागली तर आनंद मान.

मिनिआपोलिसची_माई

आणि मागच्या-पुढच्या लोखंडी साइट उंच घेतल्यास तर काचेतून दिसतील अशा घे. झिरो केल्यावर ठिपका त्यांच्यापाशी कुठे दिसतो ते डोक्यात ठेव. घरी रिकाम्या पिस्तुलावर रोज एक नजर. जागा बदलली की कळतं, गोळी झाडावी लागत नाही.

डलासकर_दिगू

अपडेट. नवी प्लेट आली. साइट तिच्यावर अंगठ्याने दाबून बसवावी लागली, टक् असा आवाज आला, काका, तुमची आठवण आली. स्क्रू प्लेटसोबतचेच. अल्कोहोलने तीन वेळा पुसलं, २४३ चा एक थेंब, १२ इंच-पाउंड, पांढरी रेघ. एक्स्ट्रॅक्टर मोकळा आहे. दीड दिवस कपाटात ठेवलं. बायकोने विचारलं, "लोणचं मुरायला ठेवलंय का?"

काल १५ यार्डांवर झिरो केला, मग २५ वर तपासला. एकूण ३०० राउंड. रेघ जागच्या जागी, ठिपका जागच्या जागी.

नटबोल्ट_भोसरी

रेघेचा फोटो टाक. हजार राउंडनंतर परत टाक.

डलासकर_दिगू

टाकतो. शनिवारी मॅच आहे. आता चार्ली लागला तर साइटचं नाव सांगता येणार नाही, एवढी एकच पंचाईत झालीय.