साधं दिसणारं लाखमोलाचं घड्याळ: साधेपणा की वेगळ्या जातीचा माज?

सेकंदकाटा (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सिको का? आमच्या मेव्हण्याने मस्कतहून आणलं होतं. वीस वर्षं हूं की चूं नाही." मी म्हटलं, "हो, चांगली असतात," आणि मठ्ठ्याची वाटी पुढे सरकवली.

हातात होतं ग्रँड सेकोचं (म्हणजे त्याच सिको कंपनीच्या महागड्या घड्याळांपैकी) स्नोफ्लेक. २०१० साली हे मॉडेल आलं. २०१७ पर्यंत त्याच्या डायलवर बाराखाली 'सेको' असायचं, आणि 'ग्रँड सेको' खाली सहाच्या अंगाला. माझं त्या जुन्यांपैकी. टायटॅनियमची केस, त्यामुळे उचलल्यावर खोटं वाटावं इतकं हलकं. डायल जपानातल्या शिओजिरीच्या कारखान्याभोवती पडणाऱ्या बर्फासारखी खरखरीत. पण पांढरा रंग मुळीच वापरलेला नाही. आधी ठसा दाबून पोत उठवतात, मग वर चांदीचा मुलामा देतात. दहा पावलांवरून मात्र नुसती पांढरी डायल, आणि किंमत लाखांत.

माझं म्हणणं एवढंच की ही घड्याळं घेणारा संग्राहक वेगळ्या पिंडाचा असतो. आपल्याला कुणी किंमत विचारू नये, असं त्याला मनापासून वाटतं. मुकुटछाप स्विस घड्याळ घातलं की माणसाआधी घड्याळ बोलायला लागतं, ते त्याला नको असतं. मतं येऊ द्या.

वरणभात

असहमत. तुम्हाला आनंद कशाचा झाला? काकांना कळलं नाही याचा. म्हणजे तुम्हाला काका लागतातच! मुकुटछापवाल्याला ओळखणारे शंभर जण लागतात, तुम्हाला न ओळखणारा एक लागतो आणि मग तो किस्सा ऐकायला आम्ही लागतो. ज्याला खरंच मिरवायचं नसतं तो धागा काढत नाही, मठ्ठा पिऊन घरी जातो.

चावीवाला

वरणभात, टोमणा झकास. पण हे घड्याळ कधी हातात घेऊन पाहिलंय का?

मी पाहिलंय, मित्राचं, पावसाळ्यातल्या संध्याकाळी खिडकीपाशी. त्याचं ४४जीएसच्या घराण्यातलं आहे. १९६७ सालच्या त्या मॉडेलपासून तारो तानाका या डिझायनरने या घड्याळांचे नियम बांधून दिले: पृष्ठभाग शक्य तितके सपाट, आरशासारखे, त्यात प्रतिबिंब वाकडं दिसता कामा नये, बाराची खूण बाकीच्यांपेक्षा दुप्पट रुंद. केस फिरत्या चकतीवर हाताने दाबून धरून घासतात. हात जरा ढळला की कड गोल झालीच म्हणून समजा. या पॉलिशला झरात्सू म्हणतात (नाव ऐकून झेन गुरू आठवतो, पण ते यंत्रावरच्या 'सालाझ' या नावाचं जपानी तोंडातलं रूप आहे).

ट्यूबलाइटखाली हे घड्याळ मख्ख असतं. खिडकीपाशी नेलं की प्रत्येक खुणेची एक बाजू काळीकुट्ट, दुसरी लख्ख. मनगट केसभर वळवलं की काळी बाजू लख्ख होते आणि लख्ख काळी. हा खेळ वीतभर अंतरावरून दिसतो, म्हणजे फक्त घालणाऱ्याला. यात काका कुठे आले?

स्नोफ्लेकच्या आतल्या 'स्प्रिंग ड्राइव्ह' मशीनचंही तेच. योशिकाझू आकाहाने या इंजिनिअरला १९७७ मध्ये सुचलं की ताकद चावीच्या स्प्रिंगची घ्यावी, बॅटरी ठेवू नये, आणि वेगाला लगाम क्वार्ट्झच्या स्फटिकाने लावावा. घड्याळ बाजारात आलं १९९९ साली. आकाहाने आदल्याच वर्षी गेले होते. त्यातला सेकंदकाटा टिकटिक करत नाही, तेलाची धार पडावी तसा सरकतो. अशा गोष्टीपायी पैसे घालवणारा माणूस वेडा असेल, माजोरडा नाही.

वरणभात

कारागिरी शंभर टक्के मान्य. पण धागा कारागिराबद्दल नाही, गिऱ्हाइकाबद्दल आहे.

नाव लपलेलं इतकं आवडत होतं, तर २०१७ साली ग्रँड सेको वेगळा ब्रँड करून वरचं 'सेको' काढून का टाकलं? कंपनीने गिऱ्हाईक अचूक जोखलं म्हणून. "सिको का?" हा प्रश्न त्याला झोंबत होता. आता तर प्रत्येक डायलमागे एक जंगल असतं. कधी चेरीचा बहर, कधी भूर्जवृक्षाची साल. त्या भूर्जाच्या सालीवाल्या 'व्हाइट बर्च'ने २०२१ मध्ये जिनिव्हाला पुरुषांच्या घड्याळाचं बक्षीसही मारलं. जिनिव्हात बक्षीस घेणाऱ्या वस्तूला निदान 'अबोल' तरी म्हणू नका.

नागोयाकर

अकरा वर्षं इथे जपानात आहे. दोन्ही बाजू वाचून गंमत वाटली.

तुम्ही ज्याला गुपित म्हणताय ते इथे गुपित नाहीच. पहिलं ग्रँड सेको १९६० साली आलं ते २५,००० येनला, आणि तेही स्विसांच्या तोडीस तोड घड्याळ आपण करतो हे दाखवायला. त्यात विनय कुठला? आमच्या विभागप्रमुखांनी बढती मिळाल्यावर ग्रँड सेको घेतलं. सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी ते पाहिलं, सगळ्यांनी ओळखलं, कुणीही अवाक्षर काढलं नाही. दुपारी जेवताना एकाने हळूच "अभिनंदन" म्हटलं, तेही बढतीबद्दल.

मी विचारलं, हेच का? म्हणाले, क्लायंटसमोर बसल्यावर आपलं घड्याळ त्याच्यापेक्षा चढं दिसू नये, आणि हलकंही दिसू नये. म्हणजे हा रीतभात पाळण्याचा भाग झाला, समारंभात कुठल्या रांगेत बसायचं तसा. ब्रह्मज्ञान वगैरे काही नाही.

आपल्याकडे ते 'लपतं' कारण आपल्या डोक्यात सिको म्हणजे आखातातून आलेला मामा, त्याची बॅग आणि वार-तारीखवालं 'फाइव्ह' मॉडेल. ते लपवण्याचं काम डिझाइनने केलेलं नाही, मामाने केलंय.

वरणभात

"मामाने केलंय" हे फ्रेम करून लावतो.

मनवा

आमच्याकडे दोन आहेत. दोन्ही मला सारखीच दिसतात. दुसरं आलं तेव्हा 'हे' चार दिवस काही बोलले नाहीत. मी समजले की जुनंच आहे. पाचव्या दिवशी स्वतःच म्हणाले, "तुझ्या लक्षात नाही आलं?" साधेपणाची चर्चा चालू द्या.

बॅटरीवाला

सगळे गोल गोल फिरताय. साधी कसोटी सांगतो.

ग्रँड सेको क्वार्ट्झमध्येही, म्हणजे बॅटरीवर चालणारं, मिळतं. १९९३ पासूनचं ९एफ मशीन: फरक वर्षाला दहा सेकंदांच्या आत, जड काटे ओढायला जादा जोराची मोटर, तारीख मध्यरात्री डोळ्याचं पातं लवायच्या आत बदलते. केस तीच, झरात्सू तेच, खिडकीतला काळा-पांढरा खेळही तोच, किंमत बरीच कमी. सत्तरच्या दशकात हे नाव बंद पडलं होतं आणि १९८८ साली परत आलं ते क्वार्ट्झ घेऊनच. चावीचं मशीन त्यानंतर दहा वर्षांनी, १९९८ मध्ये. क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळही सेकोचंच, १९६९ च्या नाताळातलं अ‍ॅस्ट्रॉन. तेव्हा त्यांच्या घराण्याचा खरा वारस कोण, ते तुम्हीच ठरवा.

कुणाचं लक्ष नको, फक्त उत्तम काम हवं आणि वेळ बरोबर हवी, असं म्हणणाऱ्याने दुकानात सरळ ९एफ मागावं. पण संग्राहकांच्या गप्पांत क्वार्ट्झ म्हटलं की नाकं मुरडतात. का? कारण तिथे "आत काय आहे" हे सांगायला उरत नाही. सेकंदकाटा, तुम्ही ९एफ पाहिलं होतं का?

चावीवाला

हे जरा अन्यायाचं आहे. गाण्याची सुरावट मोबाइलवरही ऐकू येते, तरी लोक तंबोरा जुळवायला बसतात. मशीन आवडणं हा काही गुन्हा नाही.

बॅटरीवाला

गुन्हा कोण म्हणतंय? तंबोरा दिसतो म्हणून तो मैफलीत मागे ठेवतात, एवढंच म्हणतो. आणि प्रश्न तुम्हाला नव्हता.

सेकंदकाटा (धागाकर्ता)

मनवाताई, दंडवत.

नागोयाकर, मामाचा मुद्दा मान्य. माझ्या मामाचं फाइव्ह अजून आहे, चावी द्यायची सोयच नाही त्याला, आई ते रविवारी हातात घेऊन हलवते म्हणून चालतं. हे मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. कारण तेव्हा ते मुद्द्याचं वाटलं नव्हतं.

बॅटरीवाला, पाहिलं होतं. दुकानातल्या मुलाने दोन्ही शेजारी ठेवली. ९एफचा काटा प्रत्येक खुणेवर नेमका पडत होता, एकदाही चुकला नाही. मनगटावर बांधूनही पाहिलं. मग काढून ट्रेमध्ये ठेवलं आणि स्नोफ्लेक घेतलं. का घेतलं हे इथे लिहायला बसलो आणि तीनदा खोडलं.

वरणभात

खोडलेली तिन्ही टाका इथे.