गाडीत मागं झोपायची सोय करायचीय, रविवारी माणूस येणार, लवकर सांगा

होटगीकर
नमस्कार मंडळी. गाडीत मागं पलंग करून घ्यायचाय, कॅम्परसारखं, म्हणजे रात्री कुठंही थांबून झोपता आलं पाहिजे. सुताराला दाखवली तर म्हणतो १८ एमएमचा प्लाय लागेल, आणि फॅब्रिकेशनवाला म्हणतो लोखंडी फ्रेम करून फ्लोअरला वेल्ड मारून देतो, एकदम दणकट, वरून १२ चा प्लाय बास. दोघं एकमेकाला येड्यात काढायलेत. मला एवढंच सांगा, १८ का १२? आणि उन्हासाठी आत काय लावायचं? सोलापूरचं ऊन काय सांगायला नको. घरी इन्व्हर्टरची जुनी बॅटरी पडून आहे ती मागं ठेवून फॅन लावणार आहे, ते माझं मी बघतो. रविवारी माणूस येणार, ॲडव्हान्स दिलाय, त्यामुळं "करू नका" असले सल्ले नकोत.

दुपारचा_चहा
गाडी कुठली?

माळढोक
मस्त कल्पना! थंडीत सगळ्यात आधी भिगवणला जा. उजनीच्या फुगवट्यावर फ्लेमिंगो येतात, पहाटे उजाडायच्या आधी पोचलं तर धुक्यात बोटीतून बघायला मिळतात, गाडीतच झोपलात तर पहाटे उठायचा त्रास नाही. पावसाळ्यात नळदुर्ग करा, नर-मादी धबधबा चालू असला की किल्ल्यातनं पाय निघत नाही. दुर्बीण घेतलीत का?

होटगीकर
मारुती ईको आहे. दुर्बीण नको हो, प्लाय सांगा.

चाकंफिरती
ईको ५ सीटर का ७ सीटर का कार्गो? कितीजण झोपणार? मागची सीट काढणार का ठेवणार? उंची किती तुमची? हे न सांगता प्लायची जाडी विचारणं म्हणजे नवरी न बघता हॉल बुक करणं.

तरी सांगतो, १८ विसरा. आठ बाय चारची १८ ची शीट तीस-पस्तीस किलो भरते, तेवढ्या वजनाला ईकोमध्ये काही गरज नाही. १२ एमएमला खाली दर फूट-दीड फुटावर आधार दिला की दोन माणसं आरामात झोपतात. पण ७१० मार्क (पाण्याला टिकणाऱ्या प्लायवर असतो तो) बघून घ्या, साधा कमर्शियल घेतला तर पहिल्याच पावसाळ्यात कडा फुगतात. आणि लोखंडापेक्षा ॲल्युमिनियम सेक्शन घ्या, मी सगळं ॲल्युमिनियममध्ये केलंय, नटबोल्टवर, घरी आलं की सुट्टं करून माळ्यावर टाकतो. बाकी कशाच्या नादी लागू नका, ॲल्युमिनियम म्हणजे ॲल्युमिनियम.

नाक्यावरचा_मिस्त्री
ॲल्युमिनियम सेक्शन खिडक्यांना ठीक आहे. रस्त्यावरच्या हादऱ्यानं रिवेट ढिल्या होतात आणि मग रात्रभर चुंइ चुंइ. एक इंची स्क्वेअर पाइप, १६ गेज, बास. पण फ्लोअरला वेल्ड मारायचं नाही हे माझं पण मत आहे. ईकोचा पत्रा पातळ असतो, वेल्डनं खालचा रंग जळतो आणि तिथूनच गंज धरतो. सीटचे मूळ बोल्ट आहेत ना, त्याच भोकांवर फ्रेम कसायची.

चाकंफिरती
माझी कधी चुंइ झाली नाही. रिवेट मारल्या असतील तुम्ही, मी नटबोल्ट लिहिलंय, नीट वाचा.

नियम_बघा
फ्रेम नंतर. सीट काढली की आरसीवरची आसनक्षमता आणि गाडीतली आसनक्षमता जुळत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ वाचा. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण सांगितलंय की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात बदल चालणार नाही. कॅम्पर म्हणून नोंद करायची तर मोटर कॅरव्हानसाठी एआयएस-१२४ म्हणून वेगळं मानक आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२१ ला कॅरव्हान पर्यटनाचं धोरण काढलं, पण त्याचा अर्थ कुणीही मिस्त्रीकडून पलंग ठोकून घ्यावा असा होत नाही.

शेंगाचटणी
एमएच १३ मध्ये कुणी बघत नाही बे. माझ्या मामाची ओम्नी वर्षानुवर्षं मागं गादी टाकून फिरायली, एकदा पण कुणी अडवलं नाही.

नियम_बघा
अडवणं वेगळं आणि ठोकल्यावर क्लेम मिळणं वेगळं. इन्शुरन्सचा सर्व्हेअर मामाला ओळखत नाही.

पुण्यातला_सोलापूरकर
एवढा खर्च करण्यापेक्षा लॉजवर राहा की. प्लाय, फ्रेम, गादी, बॅटरी, पंखा ह्याचा हिशोब केला तर किती रात्री एसी रूम मिळते बघा. अक्कलकोटला भक्तनिवास आहे, पंढरपूरला आहे, तुळजापूरला आहे, आपल्याकडं देवाच्या कृपेनं झोपायची कमतरता नाही.

होटगीकर
लॉजचं विचारलं नाही दादा. ५ सीटर आहे. उंची पाच फूट नऊ. दोघं झोपणार, मी आणि मिसेस. आत्ता जाऊन टेप लावली, ड्रायव्हर सीटच्या पाठीपासून टाकीपर्यंत साडेचार फूटच भरतंय, आता पाय कुठं घालायचे? फॅब्रिकेशनवाला म्हणतो टाकीवरून घोडी करून फ्रेम वेल्ड मारून देतो.

नाक्यावरचा_मिस्त्री
टाकी??? कसली टाकी?

दुपारचा_चहा
सीएनजी आहे का गाडी?

होटगीकर
हो, कंपनी फिटेड. ईको म्हटल्यावर सीएनजीच असणार ना, पेट्रोलवर कोण चालवतंय आजकाल.

नाक्यावरचा_मिस्त्री
अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं! भरलेल्या सीएनजी सिलिंडरमध्ये २०० बारचं प्रेशर असतं आणि तुम्ही त्याला घोडी घालून वेल्डिंग करायला निघालात. शिवाय सीएनजी गाडीला पेट्रोलची टाकी पण असते आणि ती खालच्या बाजूला, म्हणजे वरून गॅस, खालून पेट्रोल आणि मधे ठिणगी. त्या माणसाला आजच फोन करा. फ्रेम बाहेर, त्याच्या शेडमध्ये वेल्ड करायची, थंड झाल्यावर रंग मारून मग गाडीत बोल्टवर बसवायची. गाडीत मशीन न्यायचीच नाही. टाकीच्या स्टँडला, पट्ट्याला हात लावायचा नाही, फ्रेमचा भार टाकीवर यायला नको. व्हॉल्व्हवर प्लास्टिकचं कव्हर आणि त्यातून बाहेर निघणारे होस दिसतात ना, ते गळती झाली तर गॅस गाडीबाहेर जावा म्हणून असतात, ते दाबायचे नाहीत. आणि दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (टाकीची पाण्याच्या प्रेशरवर तपासणी) असते, त्या वेळी टाकी खाली काढावी लागते, म्हणजे पलंग दहा मिनिटांत सुटला पाहिजे. गॅस हातानं बंद करायची चावी हाताला लागली पाहिजे, गादी उचलून, फळी उचलून, कपड्याची बॅग बाजूला करून नाही, सरळ.

चाकंफिरती
हे मान्य. म्हणूनच मी म्हणतो नटबोल्ट.

दुपारचा_चहा
आणि बॅटरीचं "माझं मी बघतो" म्हणालात ते पण जरा सांगा. इन्व्हर्टरची म्हणजे पाणी घालायची ट्यूब्युलर का?

होटगीकर
हो, १५० ची. पाणी घातलं की चालते अजून.

दुपारचा_चहा
मग नको. एक तर पन्नास-साठ किलो वजन, दुसरं म्हणजे चार्ज होताना हायड्रोजन सोडते, बंद गाडीत डोक्याशी ठेवायची वस्तूच नाही ती, आणि घाटात कलली की ॲसिड. तुमची गरज किती ते बघा. १२ व्होल्टचा छोटा पंखा साधारण २० वॉट खातो, आठ तास म्हणजे १६० वॉट-तास. त्यात दोन एलईडी आणि मोबाइल धरा. ४० एएचची (अँपिअर-अवर) लिथियम फॉस्फेट बॅटरी साधारण ५०० वॉट-तास देते, म्हणजे दोन रात्री निघतात. ती गाडीच्या अल्टरनेटरवरून चार्ज करायची तर मधे डीसी-डीसी चार्जर (बॅटरीला लागेल तसा करंट देणारा), आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. फ्यूज विसरलात तर वायरच फ्यूजचं काम करते.

आणि मंडळी इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपू नका. थांबलेल्या गाडीत सायलेन्सरचा धूर आत आला तर कार्बन मोनॉक्साइडला वास पण नसतो, माणूस झोपेतच जातो.

शेंगाचटणी
लिथियम फुटतं म्हणे.

दुपारचा_चहा
मोबाइलमधलं वेगळं, हे फॉस्फेटवालं जास्त शांत असतं. बीएमएसवाली (आत बॅटरी सांभाळणारं सर्किट असलेली) घ्या म्हणजे झालं.

पुण्यातला_सोलापूरकर
बघा, म्हणूनच म्हणालो लॉज.

होटगीकर
बरं बॅटरी राहू दे. उन्हाचं काय? थर्माकोल लावू का? एकजण म्हणाला ग्लासवूल.

चाकंफिरती
थर्माकोल नको, हादऱ्यानं भुगा होतो आणि पेटतं पण लवकर. ग्लासवूल ओल धरतं आणि आतून पत्रा गंजतो, वर अंगाला खाज. काळं नायट्राइल रबर शीट मिळतं, एसीच्या पाइपावर असतं तेच, ते छताला आणि दारांना चिकटवा.

नाक्यावरचा_मिस्त्री
ग्लासवूल नीट पॅक केलं तर काही होत नाही. आम्ही शेडला वर्षानुवर्षं मारतोय.

चाकंफिरती
शेड चालते का रस्त्यावर? काहीही.

दुपारचा_चहा
दोघं थांबा. इन्सुलेशननं गाडी थंड होत नाही, तापायला उशीर होतो एवढंच. मे महिन्यात ४२-४३ ला दुपारभर गाडी उन्हात उभी राहिली तर आतली गादी पण तापलेली असते, मग ते रबर उष्णता बाहेर पण सोडत नाही. बरंचसं ऊन काचेतून येतं. काचांच्या मापाचे चंदेरी बबल शीटचे तुकडे कापा, बाहेरच्या बाजूनं लावता आले तर उत्तम. आणि ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं हे लक्षात ठेवा, लांबचा प्रवास करून थांबलात की पुढचा भाग तास-दीड तास गरम राहतो. डोकं मागं, पाय पुढं असं झोपा.

माळढोक
मार्च ते जून नान्नजला पण फार ऊन. मी माळढोक बघायला पहाटे जायचो तेव्हाचं माळरान म्हणजे काय सांगू. आता दिसणं फार अवघड झालंय.

शेंगाचटणी
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे तुकडे किलोवर मिळतात, पडदे त्याचेच करा. चाटी गल्लीत चादर घ्या, दोन टाकल्या की गादीची पण गरज नाही. जीआय टॅग आहे आपल्या चादरीला.

होटगीकर
फॅब्रिकेशनवाल्याशी बोललो. गाडीत वेल्ड करणार नाही, शेडमध्ये करून बोल्टवर बसवून देतो म्हणाला, आणि वर मलाच म्हणतो "मी कुठं गाडीत करतो म्हणालो होतो." असू दे. पण आता उंचीचं सांगा. टाकीवरून फळी नेली तर पलंग फ्लोअरपासून सतरा इंच वर जातो, त्यावर चार इंचाची गादी, मग वर बसायलाच येत नाही, डोकं छताला. आई कशी बसणार?

दुपारचा_चहा
आई? मघाशी दोघं म्हणालात.

होटगीकर
झोपणार दोघंच, आई गाडीत असते. अक्कलकोट, गाणगापूर तिच्यासाठीच तर चाललंय. तिचं वय सत्तरच्या पुढं, गुडघे दुखतात, तासभर बसलं की पाय पसरावे लागतात. रात्री तिला भक्तनिवासात खोली आणि आम्ही गाडीत.

पुण्यातला_सोलापूरकर
मग तुम्ही पण भक्तनिवासातच की!! एवढं सगळं कशाला?

होटगीकर
मिसेसला गाडीत झोपायचंय. झालं समाधान?

नाक्यावरचा_मिस्त्री
झालं ना मग, सोपं आहे. सीट काढूच नका. दिवसा आई मागच्या सीटवर बेल्ट लावून बसेल, गाडी चालू असताना प्लायवर कुणीच बसायचं नाही, ब्रेक मारला की माणूस सरळ समोरच्या काचेत. पलंग दोन भागांत करा. मागचा भाग टाकीवर, स्वतःच्या चार पायांवर उभा, तो कायम ठेवला तरी चालतो, त्याच्यावर सामान. पुढचा भाग बिजागरीवर, दिवसा मागच्यावर दुमडून ठेवायचा आणि रात्री सीटची पाठ पडत असेल तर पाडून, नसेल तर सीटवरून पुढं उघडून दोन सुट्ट्या पायांवर टेकवायचा. लेव्हल सीटच्या पाठीच्या उंचीवर जाते, त्यामुळं बसता येणार नाही, फक्त आडवं व्हायचं. लांबी साडेपाच-पावणेसहा फूट मिळेल, तुम्ही पाच नऊ म्हणजे थोडं तिरकं. सीट मूळ जागेवर राहिली म्हणजे नियमवाल्या साहेबांची पण तक्रार नको.

नियम_बघा
सीट आणि बेल्ट जागेवर असतील आणि पलंग सामानासारखा काढता-घालता येत असेल तर माझा आक्षेप बराच कमी होतो. मागच्या नंबर प्लेटवर किंवा दिव्यांवर काही लटकवू नका.

चाकंफिरती
सुट्टं करता येतंय म्हणजे शेवटी माझंच ऐकलं. पाय तरी ॲल्युमिनियमचे करा.

नाक्यावरचा_मिस्त्री
पाय पाइपचेच. टोकाला रबरी बूच घाला, फ्लोअरला घासणार नाही.

होटगीकर
सीटची पाठ पडतीय, बघितलं. रविवारचं शनिवारवर आणलंय, १२ चा प्लाय, ७१० बघून घेतो. एक शेवटचं, डासांचं काय? काच उघडी ठेवली नाही तर गुदमरायला होईल आणि ठेवली तर सिद्धेश्वर तळ्याकाठचे सगळे डास आत.

दुपारचा_चहा
मधल्या काचेच्या मापाला जाळी कापा, कडेनं कापडी पट्टी शिवून घ्या आणि त्यात बारके चुंबक घाला. बाहेरून पत्र्याच्या चौकटीला चिकटते, काच अर्धी सरकवून ठेवायची. दोन्ही बाजूंना करा, एकाच बाजूनं हवा फिरत नाही. प्रवासात आठवणीनं काढून आत ठेवा.